वाणात लुटलेला शोध

“आधी आमच्याकडे यायचं असतं, मग जगाला दाखवायचं,” टेबलापलीकडची वकीलबाई एका आजोबांना सांगत होती. आजोबांनी स्वतः बनवलेलं पक्ष्यांचं दाणापात्र आणलं होतं.

“फक्त शेजाऱ्यांना दिलं हो,” आजोबा म्हणाले.

“शेजारी म्हणजेसुद्धा जगच.”

मी मांडीवरची फाईल मिटली.

स्टुटगार्टमध्ये शोध लावणाऱ्यांना जिथे मोफत सल्ला मिळतो, तिथल्या खुर्चीवर मी माझा नंबर यायची वाट बघत बसले होते. शोध माझा नव्हता. फाईलमध्ये कॅलेंडरच्या पानामागे बाबांनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं आणि एका पाकिटात त्यांनी केलेली ती वस्तू.

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा माझ्याकडे, स्टुटगार्टजवळ बॉबलिंगेनला आले होते. पहिल्याच आठवड्यात बाबा सपाता घालून कचरा टाकायला खाली गेले आणि मागे दार ओढलं गेलं. इथली दारं बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. आई माझ्याबरोबर बाजारात होती. आम्ही परत आलो तेव्हा ते जिन्यात, शेजारणीनं दिलेल्या स्टुलावर बसले होते. “दार हुशार आहे, माणूस नाही,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराच्या हँडलची मापं घेतली.

पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून त्यांनी एक छोटी खोबण केली. ती आतल्या हँडलला बसते. तिच्यात किल्ली अडकवलेली असेपर्यंत हँडल खाली जात नाही. किल्ली हातात घेतली की दार उघडतं. म्हणजे किल्ली विसरून बाहेर पडताच येत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनं ठरवलं, वाण हेच द्यायचं. “सगळीकडे तेच ते प्लास्टिकचे डबे. यांनी केलेलं देऊ या.” बाबा आठवडाभर कानस घेऊन बसले आणि पंचवीस नग केले. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी माझ्या हॉलमध्ये वाण लुटलं. एका बाईनं लगेच आमच्याच दाराला लावून बघितलं आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडली, “काका, यात नवऱ्याला अडकवता येतं का हो?” सगळ्या हसल्या. बाबा दारात येऊन उभे राहिले. इतकं लाजलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या बाईचा नवरा तिला न्यायला आला तेव्हा म्हणाला, “काका, हे इथे नोंदवा. गेब्राउख्समुस्टर म्हणतात. पेटंटचं धाकटं भावंड समजा, पण लवकर होतं.”

रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं, “त्या कागदावर नाव कोणाचं येतं?”

“तुमचं,” मी ताटातून मान वर न करता म्हणाले.

कारखान्यात त्यांनी सुचवलेल्या कितीतरी गोष्टी वापरात आल्या. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही मात्र साहेबांची असायची. हे त्यांनी कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही.

फेब्रुवारीत ते परत गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायचे, “फॉर्मचं बघितलंस का गं?” मी म्हणायची, “बघते.” माझं शिक्षण इंग्रजीत झालं म्हणजे जगातला कुठलाही फॉर्म मला भरता येतो, अशी त्यांची समजूत. फॉर्म मी उतरवून घेतला होता. दोन गोष्टी विचारायला एक फोन करायला हवा होता, जर्मनमध्ये. ऑफिसातसुद्धा मी फोन टाळते, मेल लिहिते. तो नंबर मी एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावला. मे महिन्यात बाबा गेले. चिठ्ठी अजून तिथेच आहे.

आजोबा दाणापात्र पिशवीत भरून निघाले. वकीलबाईनं माझ्या हातातलं चित्र घेतलं आणि बराच वेळ बघितलं.

“सुंदर काढलंय. अर्जदार कोण?”

“मी. म्हणजे, शोध वडिलांचा आहे. त्यांचं नाव कुठे लिहायचं?”

“पेटंटच्या अर्जात शोध लावणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. गेब्राउख्समुस्टरच्या अर्जात तो रकानाच नाही. यात फक्त अर्जदार.”

“ते असताना अर्ज केला असता तर?”

“तर अर्जदार तेच असते.” तिनं चित्र खाली ठेवलं. “हे कोणाला दाखवलंय? दिलंय? वस्तू नवीन आहे की नाही हे नोंदणीच्या वेळी कोणी तपासत नाही. पण पुढे कोणी हरकत घेतली तर नोंद टिकायला हवी. म्हणून विचारते.”

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, “जानेवारीत. पंचवीस जणींना.”

“विकलं?”

“नाही. आमच्यात सणाला देतात.”

तिनं बोटांवर महिने मोजले. “दिल्यापासून सहा महिन्यांत आला असतात तर चाललं असतं. आपण स्वतः दाखवलेलं तेवढ्या काळापुरतं माफ असतं. जुलैअखेरपर्यंत.” बाहेर ऑक्टोबर होता. तिनं हे अगदी हळू आवाजात सांगितलं.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, आईचा फोन आला. गाडीत मी कधी फोन घेत नाही. तो घेतला.

“झालं का गं यांचं काम?”

“नाही.”

“मला वाटलंच होतं. मीच हौस केली. यांचा शोध, आणि मी बायकांना वाटत सुटले. वाटण्याआधी नोंदवायचं असतं, असं परवा इथे कोणीतरी म्हणालं. तेव्हापासून झोप नाही मला.”

मी गप्प राहिले असते तर तिनं ते तसंच धरून ठेवलं असतं, कायमचं. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ घरात नेहमी होकार असाच घेतला गेला आहे. समोरच्या बाकावर एक माणूस पुस्तक वाचत होता. पाकिटातली पट्टी माझ्या हातात होती. बाबांनी तिच्या कडा कानशीनं इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की बोटाला कुठेच लागत नव्हतं.

“आई,” मी म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्यानं, “तुझ्या वाणामुळे नाही. वाण दिल्यावरही सहा महिने होते. बाबा दर रविवारी विचारत होते, आणि मी एक फोन केला नाही.”