मामंजींचं नाक परत आलं

लग्न होऊन मी चाकूरहून मुखेडला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात थोरल्या जाऊबाईंनी मला घराची खरी रीत शिकवली. "मामंजींचा खोकला अंगणात असंल तर खुशाल बोलायचं. ओसरीवर आला की गप भाजी निवडायची."

मामंजी म्हणजे आमचे सासरे. बिडीला बिडी लावत आणि खोकत ते घरभर फिरायचे. त्या आवाजाच्या भरवशावर आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात त्यांच्यासकट सगळ्या भावकीचा उद्धार करत असू.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, बिडीच्या पक्क्या वैरीण. वास येतो म्हणून त्यांनी मामंजींची बाज कधीच अंगणातल्या पत्र्याखाली नेऊन टाकली होती. जेवताना, पाहुण्यांसमोर, देवापुढं हात जोडतानाही एकच पालुपद, "तंबाकू म्हंजी इख हाय, इख!"

एका सुगीत मामंजी गच्चीवर वाळत घातलेली तूर बघायला निघाले आणि अर्ध्या जिन्यातच मटकन बसले. श्वास पुरेना, बोलता येईना. माझ्या नवऱ्यानं आणि मी त्यांना नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी मामंजींना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. मामंजींनी गाल फुगवून जीव खाऊन फुंकलं, पण यंत्राला ते काही पसंत पडलं नाही.

"बाबा, जेवढं फुप्फुस खराब झालंय ते मी परत आणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण उरलेलं वाचवायचं तर बिडी आजच सोडा. सुरुवातीला खोकला वाढेल, घाबरू नका. मग कमी होईल. दम पुरेल, तोंडाला चव येईल."

"चव हाय की आत्ता बी," मामंजी फणकारले.

"सोडून बघा, मग सांगा."

मामंजींनी सोडली खरी, पण पुढचे काही आठवडे घराला सुख नव्हतं. फुटाणे खायचे, बडीशेप चघळायची आणि दिसेल त्याच्यावर डाफरायचं. म्हैसही त्यांना बघून पाठ फिरवायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे खोकला आधी वाढला, मग ओसरला आणि एक दिवस थांबलाच.

तिथून आमचे हाल सुरू झाले. एका दुपारी आम्ही दोघी पोळ्या लाटताना जाऊबाई म्हणाल्या, "बिडी सुटली, पर तोंड लईच सुटलंय म्हाताऱ्याचं." मागून शांत आवाज आला, "अजून सुटंल. पानी दे आधी." जाऊबाईंच्या हातातलं लाटणं थेट परातीत पडलं. मामंजी मांजरासारखे येऊन उभे होते आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

मग त्यांचं नाक परत आलं. बाजेवर बसल्या बसल्या ते ओरडायचे, "दूध लागून राहिलंय!" आणि दूध खरंच लागलेलं असायचं. वरणात हिंग जास्त झालं तर पहिल्या घासाला कळायचं. इतकी वर्षं ते निम्मी वाटी ठेचा घेतल्याशिवाय जेवत नसत. आता म्हणाले, "कालवणाला एवढी चव हाय, मंग आजवर मला कुणी सांगितलं न्हाई?"

आणि मग तो बाजाराचा दिवस आला. मामंजी बाजारातून लवकर परतले, दारातच थबकले आणि नाक वर करून हुंगत हुंगत ओसरी, माजघर, स्वयंपाकघर असे सरळ चुलीशी पोचले. तवा अजून गरम होता. आत्याबाई घाईघाईनं राख सारत होत्या.

"काय भाजलंस?"

"जिरं."

"हे जिरं?" मामंजींनी फळीवरच्या भांड्यांमागं हात घातला आणि पावडरचा एक जुना डबा काढला. आत काळी मिश्री, ताजी, अजून कोमट. दर बाजाराला, मामंजी घराबाहेर पडले की, आत्याबाई तंबाखू भाजून वाटून ठेवत आणि दिवसातून अनेकदा दातांना लावत. आम्हा जावांना माहीत होतं, पण सांगणार कोण?

"मी काय धूर काढते व्हय?" आत्याबाई उसळल्या. "दात घासते मी!"

"तंबाकू म्हंजी इख हाय, इख," मामंजी अगदी देवासमोरच्या सुरात म्हणाले. "माझी बाज पत्र्याखाली टाकलीस. तुझी कुठं टाकू, बोल?"

जाऊबाई पदर तोंडात कोंबून मोरीकडं पळाल्या. मलाही हसू आवरेना. पण आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तसा मामंजींनी डबा खाली ठेवला. मग त्यांनीच विचारलं, "गालात दुखतंय म्हनत होतीस ना? दाखव बरं."

गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

आम्ही आत्याबाईंना घेऊन नांदेडला निघालो. बसमध्ये मामंजी फुटाण्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं. मिश्री आजपासून पूर्ण बंद करा, मग बघू, चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासू, म्हणाले.

मग काय, मामंजींना नोकरीच लागली. आत्याबाईंचा हात फळीकडं गेला रे गेला की हे मागून लवंग पुढं करायचे. त्या शिव्या द्यायच्या, हे बडीशेप द्यायचे. बाजसुद्धा पत्र्याखालून आत आली. राखण करायला जवळ असावं म्हणून, असं मामंजींचं म्हणणं.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा चट्टा जवळजवळ गेला होता. तुकडा काढायची गरज नाही, पण दाखवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या आनंदात मी दोघांना विष्णुपुरीचं धरण दाखवायला नेलं. आत्याबाईंनी भाजलेलं कणीस घेतलं आणि लिंबू जास्त झालं म्हणून कणीसवालीशी भांडून दुसरं चोळून घेतलं. पूर्वी त्यांना लिंबू लागलं तरी कळत नव्हतं. मामंजी हात मागं बांधून काठाकाठानं भराभरा पुढं निघून गेले होते.

"अवो, हळू चला की!" आत्याबाई मागून ओरडल्या. "कोण लागलंय तुमच्या मागं?"

मामंजी वळलेसुद्धा नाहीत. "तूच की!" म्हणाले आणि पाय आणखी उचलले.