कूस बदलण्याची वेळ

समजा, तुमच्यासमोर खाटेवर ऐंशीच्या घरातला एक माणूस उताणा पडला आहे आणि तुम्हाला त्याला डाव्या कुशीवर करायचं आहे. एकट्यानं. त्याच्या खुब्याचं हाड मोडलेलं आहे, म्हणून पाय धरून ओढता येत नाही. चादरीवरून सरकवताही येत नाही. या वयात कातडी ओल्या कागदासारखी असते, घासली की निघून येते. तेव्हा एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली. आधी उचलायचं, मग आपल्याकडे वळवायचं. पाठीशी उशी, दोन गुडघ्यांमध्ये जुन्या लुगड्याची घडी, टाच कशालाही टेकता कामा नये. झालं? दोन तासांनी हेच पुन्हा, उजव्या कुशीवर. उद्याही. परवाही.

सोलापुरात गोदावरीबाई हे काम अकरा वर्षं करत आहेत. वडील कचेरीत कारकून. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, आणि त्या पुण्याला जाऊन नर्सिंग शिकून आल्या. मी कापडगिरणीत बॉयलर सांभाळतो; आमच्या त्या गिरणीमागच्या धर्मादाय दवाखान्यात आठ खाटा आहेत आणि परिचारिका एकच. सगळं गाव त्यांना गोदाक्का म्हणतं. त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. बोलतानाही हात काहीतरी घडी घालत असतात.

गेल्या साली चैत्रात सांगोल्याकडून बिरप्पा नावाच्या धनगराला बैलगाडीतून आणलं. एडक्यानं धडक दिल्यानं खुबा मोडला होता. सोबत सून, राजाबाई. महिनाभर घरी उताणं पडून माकडहाडापाशी सुपारीएवढी जखम झाली होती. डॉक्टर महादेवप्पांनी पाहिलं आणि म्हणाले, "हाड जुळायचं नाही. उगाच खाट अडेल. घरी न्या."

"जखम भरेल, डॉक्टरसाहेब," गोदाक्का म्हणाल्या.

"ऐंशीव्या वर्षी?"

"एकवीस दिवस द्या. जखम भरली तर वऱ्हांड्यातल्या दोन खाटा कायमच्या म्हाताऱ्यांसाठी ठेवायच्या. नाही भरली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

डॉक्टर हसले. पण हो म्हणाले.

औषध साधंच होतं: धुणं, कोरडं ठेवणं, दूध-अंडं पोटात घालणं आणि ठरल्या वेळी कूस बदलणं. दवाखान्यात घड्याळ नव्हतं; एक होतं ते डॉक्टरांच्या खिशात. रात्री पोलीस लायनीतले तासांचे टोल ऐकू यायचे, दिवसा बाजाराच्या गलक्यात ते विरून जायचे. म्हणून गोदाक्कांनी दिवसाचं काम आमच्या गिरणीच्या भोंग्याला बांधलं. आमचा भोंगा दर दोन तासांनी, दिवसातून सहा वेळा होतो, जवळ आहे आणि आवाज जाड आहे. भोंगा झाला की बिरप्पाची कूस बदलायची, हे त्यांनी राजाबाईला शिकवलं.

पहिल्याच दिवशी राजाबाईनं घोळ घातला. सोलापुरात गिरण्या का थोड्या आहेत? तिनं चार भोंगे ऐकले आणि तासाभरात सासऱ्याला चारदा उलटापालटा केलं.

"अक्का, हिला आवरा," बिरप्पा ओरडला. "लोकर कातरताना मेंढरू बी येवढं उलटं करत न्हाईत!"

"मामा, तुमी मेंढरापरास जास्त वरडताय की," राजाबाई म्हणाली.

गोदाक्कांनी तिला नीट समजावलं. जाड आवाजाचा तो आपला. बारीक आवाजाचे दुसऱ्या गिरण्यांचे, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

मग जमलं. सोळाव्या दिवशी जखम तांदळाच्या दाण्याएवढी उरली. डॉक्टरांनी चष्मा पुसून ती दोनदा पाहिली.

सतराव्या दिवशी सकाळीच केम गावाहून माणूस आला. बाळंतीण अडली होती. डॉक्टरांनी गोदाक्कांना पहिल्या गाडीनं पाठवलं. निघताना त्यांनी बिरप्पाला डाव्या कुशीवर केलं आणि राजाबाईला म्हणाल्या, "भोंगा चुकवू नकोस."

"न्हाय चुकवत, अक्का."

त्या दिवशी आमच्या गिरणीचा बॉयलर धुवायला काढला होता. वर्षातून एकदा काढावाच लागतो. मी दिवसभर आत उतरून खरवडत होतो. वाफ नाही तर भोंगा नाही. कामगारांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. दवाखान्याला कळवायला हवं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दिवेलागणीला गोदाक्का स्टेशनवरून परतल्या. बिरप्पा डाव्या कुशीवर होता.

"कितीदा कूस बदललीस, राजाबाई?"

"बदलायची हाय की. भोंगा कुटं झालाय अजून?"

"अगं, दिवस मावळला!"

"बारीकवाले लई झाले. तुमीच म्हनला न्हवं, बारीकवाला आपला न्हाय?"

गोदाक्कांनी पिशवी खाली टाकली आणि त्याला उचलून वळवलं. उशीवर मागं रेलून राहिल्यानं माकडहाडापाशी काळसर कड घेऊन जखम उघडली होती. खुब्यावर तळहाताएवढा लाल डाग उठला होता. राजाबाई रडायला लागली.

"पोरीला बोलू नगा," बिरप्पा म्हणाला. "ती दोनदा उठली हुती. मीच म्हनलं, थांब, हुईल भोंगा."

"बाबा, दुखत नव्हतं तुम्हाला?"

"दुखत हुतं की."

"मग?"

"येळ झाली नव्हती न्हवं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गोदाक्कांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. बारीक भोंग्याकडे लक्ष देऊ नको, हे आपणच शिकवलं होतं, तेही सांगितलं.

"तुमच्या उपायाला गिरणी लागते, गोदाक्का," डॉक्टर म्हणाले. "सांगोल्याच्या माळावर ती कुठून आणायची?"

"केमला तुम्हीच पाठवलं होतंत."

"बाळंतीण वाचली ना?"

"वाचली."

"मग?"

उरलेले चार दिवस गोदाक्का बिरप्पाच्या खाटेपासून हलल्या नाहीत. पण सोळा दिवसांत भरलेलं चार दिवसांत पुन्हा भरत नाही. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी खाट मोकळी करायला सांगितली. वाईट माणूस नाही तो. बाहेर तापाचे तीन रोगी जमिनीवर होते. बिरप्पाला गाडीत घालताना गोदाक्कांनी दोन उशा आपल्या घरच्या दिल्या. त्याचं पुढं काय झालं ते कळलं नाही. सांगोल्याकडचा कुणी घोंगड्या विकायला आला की त्या विचारतात. अजून बिरप्पाच्या गावचा कुणी भेटलेला नाही.

खाटांचा विषय त्यांनी शब्दाप्रमाणे पुन्हा काढला नाही. पण काम सुटल्यावर त्या आता सरळ घरी जात नाहीत. पाच्छा पेठेत, लष्कर भागात, गिरणीच्या चाळींत, जिथं जिथं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय तिथं जातात. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेलो. मला वाटलं होतं, वेळ मोजायचं काही यंत्र बनवून द्यावं. दर दोन तासांनी ठोका देणारं. चित्रही काढून नेलं. त्यांनी ते पाहिलं आणि परत दिलं.

"भोंगा झाला असता तरी हेच झालं असतं कधीतरी," त्या म्हणाल्या. "सून हाताशी बसली होती आणि बिरप्पांनी दुखतंय म्हणून सांगितलं नाही."

त्या संध्याकाळी चाळीत एक तेलुगू म्हातारी होती. आयुष्यभर मागावर बसलेली, आता उठता न येणारी.

"आजी, कुठं दुखतंय का?"

"नाही अक्का. बरी आहे मी."

गोदाक्कांनी चादर वर केली. दोन्ही टाचा लाल झाल्या होत्या.

शेजारच्या खोलीतल्या आजोबांनीही तेच सांगितलं. त्यापुढच्या घरीही तेच. एकेकाला घरच्यांची भीती, एकेकाला दवाखान्याची, कुणाला कशाचीच नाही, तरी उत्तर तेच. गोदाक्का भराभर पावलं टाकत होत्या, मला जवळपास पळावं लागत होतं. वळणावर त्या एकदम थांबल्या.

"तुम्ही शिकलेले आहात, एवढं सांगा," त्या म्हणाल्या. "कुठं दुखतंय असं विचारलं की सगळे बरं आहे म्हणतात. मग काय विचारलं म्हणजे ही माणसं खरं सांगतील?"