विजेची सतार

पोकळ माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण आमच्या गावच्या मालकाच्या धाकट्या मुलाच्या पासंगाला पुरेल असा एकही नाही. नागपूरला कॉलेजात दोनदा नापास होऊन तो कामरगावला परतला तेव्हा लढाई चालू होती. वाड्यात बॅटरीवरचा रेडिओ होता. येताना त्यानं विजेच्या कामाचं एक पुस्तक आणि इंग्रजी मासिकाचं एक फाडलेलं पान आणलं होतं. पानावर गिटार होती. तारा सतारीसारख्या, पण भोपळा नाही, पोट नाही, नुसती फळी. आवाज म्हणे विजेनं रेडिओतून निघतो.

माझे घरधनी सुतार. बैलबंड्या, पेरणीच्या तिफणी, दाराच्या चौकटी करायचे. धाकला मालक ते पान घेऊन आमच्या अंगणात आला आणि म्हणाला, "मिस्त्री, ही मी माझ्या हातानं बनवणार आहे. तू फक्त मदतीला राहा."

त्याच्या हातानं काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी अर्धा तास रंधा ओढला. तळहाताला फोड आला. मग हाताला रुमाल बांधून तो आमच्या खाटेवर बसला, तो पुढचे दोन महिने बसूनच होता. हुकूम त्यानं सोडायचे, चहा मी करायचा.

सागाची फळी घरधन्यांनी कापली, घासली, तिला कंबर काढली. गळ्यावर सतारीसारखे पितळेचे पडदे बसवायची वेळ आली तेव्हा यानं चित्रावर पट्टी ठेवून मापं काढली. चित्र तिरपं होतं, एवढंही त्याला दिसलं नाही. घरधन्यांनी मान डोलावून मापं लिहून घेतली आणि तो जेवायला गेल्यावर पुसून टाकली. मंदिरातल्या भजनात ते पेटी वाजवत. ती पेटी घरी आणली. मी भाता मारून एकेक सूर धरून ठेवायची, ते तारेखालून पितळेचा तुकडा सरकवत न्यायचे आणि सूर मिळाला की पेन्सिलीची खूण करायचे. सगळे पडदे असे बसले. परत आल्यावर त्यानं ते पाहिले आणि म्हणाला, "बघ, माप बरोबर असलं की कसं होतं."

पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून वाड्यातली मोटार गोठ्याशेजारी धूळ खात होती. तिच्यातून त्यानं लोहचुंबक काढून घेतला आणि इंजिनाला ठिणगी देणारा डांबर भरलेला डबा फोडून केसाएवढी तार. ती तार चुंबकाभोवती बोटभर जाड थर होईपर्यंत गुंडाळायची होती. घरधन्यांच्या बोटांत ती धरवेना.

"तुझ्या बायकोला सांग," तो म्हणाला. मी समोरच उभी होते.

दुपारच्या उजेडात दारात बसून मी चरख्याच्या चातीला चुंबक बांधून त्यावर ती तार गुंडाळली. शंभर फेरे झाले की वाटीत एक चिंचोका टाकायचा. तिसाव्या चिंचोक्याला तार तुटली.

"बायकांना कामाची किंमत नसते," तो खाटेवरून म्हणाला. "काढ सगळी. पहिल्यापासून कर."

घरधनी खुंट्या तासत राहिले. मी पहिल्यापासून केलं. पंचाहत्तर चिंचोके झाले तेव्हा डोळ्यांपुढे तारच तार दिसत होती.

मग वाड्यात बैठक झाली. वाशीमचे दोन वकील आले, तिथल्या स्टेशनचे तारबाबू आले. घरधनी दाराशी काढलेल्या जोड्यांपलीकडे बसले, मी बायकांत दाराआड. त्यानं गिटार रेडिओला जोडली आणि तार छेडली. खोटं कशाला सांगू, त्या पहिल्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. पण पुढे त्याला वाजवता कुठे येत होतं? सिनेमातल्या गाण्याचे तीन सूर काढायचा, चौथा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. तरी वकिलांनी टाळ्या दिल्या.

"लाकडापासून तारेपर्यंत सगळं माझ्या हातचं," तो म्हणाला.

तारबाबूंनी सहज विचारलं, "तारेचे फेरे किती घातले?"

"पुस्तकात आहेत तेवढे. पाचेकशे."

"पाचशेवर एवढा आवाज यायचा नाही."

माझ्यानं राहवलं नाही. "साडेसात हजार हायेत," मी दाराआडून बोलले. मालकीणबाईंनी मला चिमटा काढला.

तारबाबू दाराकडे वळले. "कोणी मोजले?"

"मीच घातले, मीच मोजले. एकदा तीन हजारावर तुटली, तं पुन्हा पहिल्यापासून केले."

"पहिल्यापासून कशाला, बाई? टोकं खरवडून कथलाचा डाग दिला की जुळते तार."

मी धाकल्या मालकाकडे पाहिलं. पुस्तक याच्याजवळ होतं, त्यात हे असणारच. तो रुमालानं तारा पुसत हसला. "आमच्याकडच्या बायका मोठ्या हौशी," म्हणाला, आणि वकीलही हसले.

घरी येताना मी घरधन्यांना विचारलं, "तुमी काहून नाई बोलले?"

"वाजली ना ते? मंग झालं."

त्या उत्तराची मला इतकी किळस आली की आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्याच्या उष्ट्या कौतुकावर समाधान मानणारा माणूस चोरापेक्षा कितीसा बरा, असं तेव्हा वाटलं. आजही फार वेगळं वाटत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर वाशीमचा एक मोटारदुरुस्तीवाला पत्ता विचारत आमच्या दारी आला. लढाईमुळे नवं सामान मिळत नव्हतं आणि मोटारीतली जळालेली तारेची गुंडाळी पुन्हा भरून देणारं कोणी हवं होतं. तारबाबूंनी त्याला पाठवलं होतं. डाग कसा द्यायचा ते त्यानं ओट्यावर बसून मला दाखवलं, आणि पुढची तीन वर्षं मी ते काम केलं.

धाकल्या मालकानं गिटार भिंतीला टांगली ती टांगलीच. आल्या-गेल्या पाहुण्याला मात्र तो माझं घर बोटानं दाखवायचा. "त्या मिस्त्रीच्या बायकोला हे काम मीच शिकवलं."