धोंडुबाईंचा एकुलता फोटो

यल्लव्वाला कॅमेऱ्याची हौस कधीच नव्हती. मंगळवार पेठेतला फोटो स्टुडिओ नवऱ्याचा, दादासोचा. त्र्याण्णवच्या श्रावणात छातीत कळ येऊन तो दुकानातच गेला. मागं राहिला जपानी कॅमेरा, पडद्यावर रंगवलेला धबधबा आणि चौथी शिकलेली बायको. तिला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, येईल. आलं नाही.

तेराव्याला हार घालायला फोटो शोधला, तर जन्मभर लोकांचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा एकही नाही. लग्नातलासुद्धा नाही. "फोटोग्राफर कशाला सांगायचा? मीच हाय की," असं तेव्हा म्हणाला होता. शेजारच्या फ्रेमवाल्या आण्णांनी भिंतीत ठोकलेला खिळा तसाच मोकळा राहिला.

शिकवलं आण्णांनीच. "भाकरीगत हाय बघ. भिंगाची ही कडी म्हंजे जाळ, आन् वरची चकती म्हंजे वेळ, आकडा ल्हान तर वेळ जास्त. जाळ मोठा तर लवकर काढायची, बारीक तर जास्त ठेवायची."

"करपली तर?"

"फोटो पांढरा फटक. कच्ची ऱ्हायली तर काळा. आन् फ्लॅश लावलास की चकती साठच्या वर न्यायची न्हाय, न्हायतर फोटोची एक बाजू काळी येती. ध्यानात ठेव."

"ठेवतो की," यल्लव्वा म्हणाली.

पहिलंच लग्न कागलचं. मांडवात माणसं नुसती पळत होती. पळत्या माणसाला वेग पाहिजे म्हणून तिनं चकती नेली अडीचशेवर, फ्लॅश लावूनच. प्रत्येक फोटोत नवरी लखलखीत आणि नवऱ्याच्या जागी काळा पट्टा. नवऱ्याचे चुलते हंबीरराव अल्बम घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, आमचा पोरगा कुठं गेला?"

पलीकडून आण्णा म्हणाले, "पावणं, मांडवातच ऱ्हायला असंल, बघून या."

कुणी हसलं नाही. लग्न काय परत लागणार होतं?

महिन्यानं सकाळीच कळंब्याचा सयाजी आला. "आई गेली माझी. धोंडुबाई. दुपारी न्यायचंय. फोटो काढायचा हुता."

दुसऱ्या कुणाला तरी सांगा, असं यल्लव्वाच्या ओठावर आलं होतं. "आधीचा असंल की एखादा?"

"एकबी न्हाय."

तिनं पिशवी उचलली.

कळंब्यात धोंडुबाईंना सोप्यात खुर्चीवर बसवलं होतं. मान कलू नये म्हणून मागून पदराची पट्टी बांधलेली, भोवतीनं लेकी-सुना. यल्लव्वानं फ्लॅश दोनदा दाबला. पेटला नाही.

"खुर्ची अंगणात घ्या," ती म्हणाली.

म्हाताऱ्या तयार होईनात. "एकदा उंबऱ्याभाईर निघाली की निघाली. पुन्ना थांबवायचं न्हाय."

सोप्यात उजेड दारातनं येईल तेवढाच. जाळ बारीक. मग भाकरी जास्त वेळ ठेवायची. तिनं भिंग होतं तेवढं उघडलं, चकती खाली खाली आणत पंधरावर आणली आणि कॅमेरा धान्याच्या पिंपावर टेकवला. धोंडुबाई हलणार नव्हत्या. हलायचं नव्हतं ते आपणच.

"सगळ्यांनी जरा दम धरा," म्हणून तिनं बटण दाबलं. हात श्रावणापासून जसा होता तसाच होता, गार.

चार दिवसांनी फोटो आला. लेकी, सुना, सयाजी, सगळ्यांची तोंडं धुरात असल्यासारखी. हुंदका कुणाचा थांबतो? मधोमध धोंडुबाई मात्र स्वच्छ, हनुवटीवरच्या गोंदणासकट.

सयाजीनं दुकानाच्या दारात येऊन फोटो उजेडाला धरला. "आमीच पुसट आलोय."

"जितं माणूस हलतंय," यल्लव्वा म्हणाली.

"आई आली की पण." त्यानं फोटो सदऱ्याच्या आत छातीशी धरला आणि फ्रेम करायला आण्णांकडं दिला.

माप घेता घेता आण्णांनी विचारलं, "हात कसा हलला न्हाय गं तुझा?"

"हलाय काय तरी आत पायजे न्हवं, आण्णा."

आण्णा काच पुसायला लागले. दुसऱ्या दिवशी एका बारशाला जायचं होतं. बारशाचं पोर काही धोंडुबाईंसारखं बसणार नव्हतं. यल्लव्वानं नवे सेल घालून फ्लॅश पेटवून बघितला, चकती साठवर आणून ठेवली आणि कॅमेरा दादासोच्या मोकळ्या खिळ्याला अडकवला.