धाकटीची गाडी आणि दोन वह्या

बुधवार, १२ फेब्रुवारी. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी सैल झाली होती, स्क्रू पिळून घट्ट केली. दहा वाजता धाकटीबरोबर तिच्या गाडीतून डोळ्यांच्या दवाखान्यात. थेंब बदलून मिळाले, दिवसातून तीनदा घालायचे. संध्याकाळी पुतण्या गाडीची वही परत देऊन गेला. शनिवारी अकरा वाजता गाडी विकत घ्यायला माणूस येणार. जेवण गेलं नाही.

जेवण का गेलं नाही, ते त्या दिवशी लिहिलं नाही. ते सांगायचं तर धाकटी कोण, हे आधी सांगावं लागेल.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो, मी आठ वर्षं आधी, आणि आता एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दारांत एकेकट्या राहतो. मला चौऱ्याहत्तर पूर्ण, ती सहासष्टची. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. त्या बसच्या वेगाला कुलूप होतं, काटा चाळीसच्या पुढे जायचाच नाही. मागे पन्नास पोरं, एक रडतंय, एक ओकतंय, बाकीची बाकं बडवतायत, आणि ही समोर बघत चाळीसने. एवढ्या वर्षांत एक आरसा सोडला तर तिने काही फोडलं नाही. त्या आरशाची गोष्ट ती अजून सांगते, आणि दर वेळी चूक झाडाची असते.

निवृत्त झाल्यावर माणसं डॉक्टरला गुडघे दाखवायला जातात. ही गाड्यांच्या शोरूममध्ये गेली आणि दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला टेकलेली, आठ सिलिंडरची गडद निळी गाडी घेऊन आली. तशी गाडी कॉलेजातल्या मुलांच्या भिंतीवर चित्रात असते. इमारतीत तिचं नाव 'म्हैस' पडलं. खाली बटण दाबलं की वर माझ्या कपाटातल्या बश्या एकमेकींना लागायच्या. नंतर धाकटीने सकाळचा आवाज कमी करायची सोय शोधून काढली, पण तोवर बश्यांना सवय झाली होती. मला झाली नाही.

तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, फिजिओथेरपिस्ट आहे. कोणी दारातून आत आलं की तो चेहऱ्याआधी गुडघे बघतो.

"आई, ही गाडी आहे की विहीर? आत उतरायला शिडी लागेल."

"मग तू काढ ना बाहेर. तुझा धंदाच आहे तो."

"मी गंमत करत नाहीये. असली गाडी रविवारी फिरवायची असते. भाजी आणायला, दवाखान्यात जायला, रोज नाही."

"रोज चालवली की होते रोजची."

"गुडघा गेला म्हणजे?"

"बसचं पायडल एकतीस वर्षं दाबलंय. तेव्हा नाही गेला, आता कुठे जातोय? पत्ता तरी ठेवून जाईल."

शेवटी असं ठरलं की वर्षभर तिने ती गाडी रोज वापरायची. वर्षाने बघायचं: रोजच्याला परवडत असेल, अंगाला झेपत असेल, तर ठेवायची, नाहीतर विकून चार दारांची, उंच सीटची साधी गाडी घ्यायची. आणि वर्षभराची नोंद मी ठेवायची.

"काकू लिहील," पुतण्या म्हणाला. "तू लिहिलंस तर मला पटायचं नाही, मी लिहिलं तर तुला. काकूची डायरी कधी खोटी निघालीय?"

"हो, जाऊबाईच लिहू देत," धाकटी लगेच म्हणाली. "त्या लिहितील ते मला मान्य."

ते खरंच होतं. गॅस कधी संपला इथपासून सासऱ्यांना ताप कधी चढला इथपर्यंत आमच्या घरातलं प्रत्येक भांडण माझ्या डायरीने मिटतं. कॉन्व्हेंटमध्ये हस्ताक्षर शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, जे झालं ते लिहा, झालं नाही ते लिहू नका, आणि शाई वाळली की मागच्या पानाला हात लावू नका. साठ वर्षं मी हे पाळत आले आहे. जे झालं त्यातलं अर्धंच लिहिलं तर काय होतं, हे मात्र सिस्टरांनी सांगितलं नव्हतं.

पुतण्याने मला निळ्या पुठ्ठ्याची कोरी वही आणून दिली. तिच्यात गाडीचं. माझी रोजची डायरी वेगळी, ती कोणी वाचत नाही.

आता लपवून काय उपयोग. मला त्या गाडीचा पहिल्या दिवसापासून मत्सर वाटला. गाडीचा नव्हे, गाडीत बसणारीचा. आमचे नवरे सख्खे भाऊ. धाकट्या दिरांनी लग्नानंतर सहा महिन्यांत बायकोला मोकळ्या मैदानावर नेऊन गाडी शिकवली. मी एकोणतिसाव्या वर्षी शिकाऊ परवाना काढून आणला, तर यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "तुला कशाला? मी आहे ना." परवाना सहा महिन्यांनी संपला. 'मी आहे ना' म्हणणारे अकरा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून मी कुठेही जायचं म्हणजे कोणाच्या तरी डावीकडे बसून.

आणि धाकटीला काही सुचलं की मागचापुढचा विचार न करता ती ते करते. पदरात पडतं ते मात्र चांगलंच. यांच्याशी बोलताना ज्या गॅरेजवाल्याने कधी मान वर केली नाही, तो हिच्यासाठी स्टूल पुसतो आणि दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून अर्धा अर्धा तास बोलतात. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक काच खाली करून हिला विचारतात, "आजी, किती पळते?" आणि ही म्हणते, "तुमचा सिग्नल सुटला की बघा." मी बाजूला बसलेली असते. मला कोणी काही विचारत नाही.

तर वर्षभर मी दोन वह्या लिहिल्या.

निळ्या वहीत, चार एप्रिल: 'दार फार लांब. बाजारामागच्या पार्किंगमध्ये अर्धंच उघडलं. अंग तिरकं करून उतरावं लागतं.' माझ्या डायरीत त्याच दिवशी: 'धाकटी मला आधी मोकळ्या जागी उतरवते, मग गाडी लावते. त्या फटीतून ती स्वतः पोट आत घेऊन निघाली, शाळकरी मुलीसारखी हसत. घरी आल्यावर आरशासमोर मी पोट आत घेऊन बघितलं. जमलं नाही.'

निळ्या वहीत, नऊ जुलै: 'ओल्या रस्त्यावर वळताना मागची चाकं घसरली.' माझ्या डायरीत: 'तिने घाई केली नाही. भिंतीवरची तसबीर सरळ करावी तसं चाक दोन बोटांनी सरळ केलं आणि बोलत होती ते वाक्य पुरं केलं. मी जन्मात काही इतक्या सहज सावरलेलं नाही.'

निळ्या वहीत, एकोणीस ऑक्टोबर, माझ्या बहिणीकडे गेलो तेव्हाची नोंद: 'मागची सीट माणसांसाठी नाही. बॅगा ठेवल्या. फाटकाच्या चढावर नाक खाली घासलं. शहरात लिटरला जेमतेम सहा किलोमीटर.' आणि डायरीत: 'तीन तास बसून कंबर दुखली नाही. सीट गरम करायची सोय आहे. मोकळ्या रस्त्याला लिटरला अकरा. ट्रक ओलांडताना तिने पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी मोठ्याने हसले. मी हसले ते तिने बघितलं, त्याचा राग आला.'

एकही शब्द खोटा नव्हता. गाडीच्या काचांमधले खांब जाड आहेत, मागचं दिसत नाही, हे खरं. वळताना ती मान पूर्ण फिरवून बघते, बसवरची सवय, हेही खरं. एक इकडे गेलं, एक तिकडे.

खोटं मात्र मी लिहिलं नाही. धाकटीच्या गुडघ्याचं निळ्या वहीत लिहिलं नाही, कारण वर्षभरात तिचा गुडघा दुखलाच नाही. माझा दुखला. मी लिहिलं, 'उतरताना गुडघा दुखतो.' कोणाचा, ते लिहायचं राहिलं.

वर्ष भरलं म्हणून पुतण्याने निळी वही वाचायला नेली होती. बुधवारी आला तो ती काखेत मारून. आईला समोर बसवलं.

"काकू, दोनशे अकरा नोंदी आहेत. चांगली एकही नाही?"

"जे लिहिलंय ते खरं आहे," मी म्हणाले.

"तेच म्हणतोय. आई, दार उघडत नाही, मागचं दिसत नाही, पावसात घसरते, नाक घासतं. आणि गुडघा दुखतो हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस."

 धाकटीने वही ओढून घेतली आणि पानं उलटली. मला वाटलं आता भांडेल. कपबशी आदळेल. मला ते हवं होतं, म्हणजे मलाही बोलता आलं असतं.

"अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं," ती म्हणाली. "माझ्या लक्षात नाही आलं, इतका त्रास होत होता ते. ठीक आहे. बोलले ते बोलले. बोलाव गाडी मागणाऱ्या त्या माणसाला."

त्या संध्याकाळी माझी इच्छा पूर्ण झाली होती, आणि मला जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी गॅलरीतून बघत होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही माझी जुनी सवय. धाकटी खाली बादली घेऊन गाडी धूत होती. लांब नाकावरून फडकं फिरवताना तिला दोन्ही बाजूंनी जावं लागायचं, हात पुरायचा नाही. मग पुसून झाल्यावर ती आत बसली. सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसली, दोन्ही हात, बसमध्ये बसायची तशी.

दहा मिनिटांनी माझं दार वाजलं. तिच्या हातात माझी उशी होती. वर्षभर मी कंबरेमागे घ्यायची ती, पिवळ्या अभ्र्याची.

"ही तुमची. गाडी रिकामी केली," ती म्हणाली. "आणि जाऊबाई, वर्षभर लिहिलंत, कष्ट घेतलेत. माझ्याच्याने एक ओळ झाली नसती. तुमचा गुडघा दुखत असताना मी तुम्हाला त्या खड्ड्यात बसवत राहिले. एकदा बोलला असतात."

"माझा गुडघा?"

"मग काय माझा? माझा दुखत नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे तुमचा. त्याला कशाला सांगू, उगाच तुम्हाला तपासत बसेल."

म्हणजे बुधवारपासून तिला माहीत होतं आणि मला सांभाळून घ्यायला ती गप्प बसली होती. मी उशी खुर्चीवर ठेवली. मला तिच्याइतकं चांगलं होता येत नाही, याची इतकी चीड कधी आली नव्हती. कपाट उघडलं, डायरी काढली आणि तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"उरलेलं. गाडीचं. बाकीचं वाचू नकोस."

ती अर्थातच सगळं वाचायला लागली. माझ्याच स्वयंपाकघरात, उभ्याने, ओट्याला टेकून. मी कडी घट्ट आहे का बघायच्या निमित्ताने खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागून तिचा आवाज आला.

"'बसकी आहे, आवाज करते, मागून काही दिसत नाही, तरी लोक तिच्याकडेच बघतात.' हे गाडीबद्दल की माझ्याबद्दल?"

"दोघींबद्दल."

"'आज तिने नवा स्कार्फ घातला. शोभतो. शोभायला नको होता.'" पान उलटलं. "'देवाने हिला सगळं दिलं आणि वर भूकही दिली.' अहो, हे मी एका जागी पाच समोसे... नाही, ते वेगळं असणार."

"वेगळंच आहे. ठेव ती खाली."

"थांबा हो. 'मी मोठ्याने हसले.' हे मला आठवतंय." आणि ती हसायला लागली. आधी ओठ दाबून, मग खुर्चीत बसून. माझ्या उशीवरच बसली. "एवढी वर्षं तुमच्या पोटात दुखत होतं आणि मला वाटायचं, जाऊबाई शांत स्वभावाच्या."

तिने फोन करून पुतण्याला बोलावलं. त्याने दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तारखा जुळवत वाचल्या. मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं, पण चेहऱ्याकडे नाही, गुडघ्याकडे.

"उजवा की डावा?"

"डावा."

"काकू, तू काय केलंस हे?"

"लिहिलं," मी म्हणाले. "एकाऐवजी दोन ठिकाणी."

त्याने दोन्ही वह्या मिटून एकावर एक ठेवल्या. मग म्हणाला, "ठेव गाडी, आई. पण व्यायाम करायचा. रोज खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठायचं. दोघींनी. काकू नोंद ठेवेल."

"कुठल्या वहीत?" धाकटी म्हणाली.

अकरा वाजता तो माणूस आला. धाकटीने त्याला खालीच गाठलं, गाडी विकायची नाही म्हणून माफी मागितली, आणि एवढ्या लांबून आलाच आहात तर एक चक्कर मारून आणते म्हणाली. मी गॅलरीतून बघितलं. तो बिचारा वाकून, डोकं सांभाळत माझ्या जागेवर बसला. परत आले तेव्हा काच खाली होती, तो काहीतरी विचारत होता आणि ती एका हाताने सांगत होती. कोपऱ्यावर तिने गाडी एका दमात मागे घेऊन पार्किंगच्या दोन खांबांच्या मध्ये लावली.

मला वाटलं होतं, ती माझ्यावर रागावेल. रागावली असती तर हिशोब सरळ झाला असता. ती रागावली नाही. तेही तिला जमतं. वर येताना जिन्यातून ओरडून म्हणाली, "जाऊबाई, उशी द्या हो परत, सोमवारी तुमच्या डोळ्यांची तारीख आहे."

शनिवार, १५ फेब्रुवारी. पिवळा अभ्रा धुतला. अजून ओला आहे.