सोमवारचं ताक
जिरं भाजल्याचा वास आला की मला रिसोडजवळची माझी सासुरवाडी आठवते. पंचावन्न सालच्या आसपासची, लग्नानंतरची पहिली दिवाळी. पंगतीत सासरे स्वतः वाढायला उभे, आणि त्यांना नको म्हणायची जावयाला सोय नव्हती. मी नऊ पुरणपोळ्या खाल्ल्या, वर वाटीभर तूप. सकाळी पोट तट्ट फुगलेलं, आणि भाऊबंदांच्या तीन घरांतून जेवणाची बोलावणी. एक घर जरी चुकवलं तरी त्या घराचा मान दुखावणार. पहिले चुलतसासरे दारात आलेच. "चला जवाईबुवा, पाट मांडले." मी ओसरीवर घाम पुसत बसलो होतो. तेवढ्यात आतून सासूबाई बोलल्या, "आज सोमवार हाय. त्यायले उपास राह्यते, तुमाले कोनी सांगतलं नाही?" मी जन्मात सोमवार धरला नव्हता. चुलतसासरे हात जोडून परतले, आणि बाकीच्या दोन घरांनाही तेच कळलं. सासूबाईंनी जिऱ्याच्या ताकाचा पेला पुढे ठेवला. "हे प्या, अन् पडा जरासे." संध्याकाळी ज्वारीच्या कण्यांवर उपास सोडला, तेव्हा कुठे पोट हलकं झालं. पण सोमवार तेव्हापासून धरावाच लागला. आता सासरचं गाव मला महादेवाचा भक्त समजतं, आणि मी समजू देतो.