न ओढलेल्या सिगारेटची तलफ

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगू का, त्यातल्या निम्म्यांवर मनसोक्त हसलेय. झाडाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी पुढचं वाचतच नाही. माझी नोकरीच तशी होती. भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी क्वालिटीला होते. पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. "बसल्यासारखा वाटतोय, मॅडम" हे वाक्य मी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय म्हटल्यावर आमचे हे गालातल्या गालात हसतायत. हसू देत.

तर झालं असं, माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. कशाने, ते सांगत बसत नाही, रडगाणं होईल. नोकरी सुटली आणि पिंपळे गुरवच्या घरातून पिंपरीला डायलिसिसला जाणं हाच माझा उद्योग झाला. मशिनला जोडून घ्यायचं आणि तासन्‌तास पडून राहायचं. त्यात सगळ्यात वाईट काय असतं, माहितीये? सुया नाही... तहान. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी बेतानेच देतात, गोळ्या गिळण्यातच दिवसाचं पाणी संपतं. मी बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे. टीव्हीवर कुणी ग्लास उचलला तरी चॅनल बदलायचे.

यांना शुगर, त्यामुळे यांची किडनी चालेना. तेव्हा माझा धाकटा भाऊ संतोष उभा राहिला. तो आमच्या चाकणजवळच्या गावी राहतो, थोडी शेती बघतो आणि एका कंपनीत प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढतात तिथे. कुणी विचारायच्या आत म्हणाला, "माझी घ्या की. मला दोन हायेत."

रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट?"

संतोषने माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. इथे एक सांगायला हवं. तो ओढतो हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. पण मोठ्या बहिणीसमोर ओढायची नाही म्हणजे नाही. मी गावी गेले की हा गोठ्यामागे जाणार आणि तोंडात मूठभर बडीशेप कोंबून परत येणार. आयुष्यात मी त्याच्या हातात सिगारेट पाहिलेली नाही. पाकीटसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा.

"वढतो," तो फरशीलाच म्हणाला. "लय वढतो."

"पूर्ण बंद करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "काही आठवडे नीट गेले तरच ऑपरेशनचं बघू. मध्ये सुरू केलीत तर पुन्हा पहिल्यापासून." आणि पहिल्यापासून करण्याइतका वेळ माझ्याकडे नव्हता. ज्या नसेतून डायलिसिस करत होते ती नस सारखी बंद पडत होती.

"आजपासून बंद," संतोष म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "आक्का, जरा तिकडं बघ." मी वळले, आणि त्याने खिशातलं जे काय होतं ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. टाकतानासुद्धा मला दिसू दिलं नाही!

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्याच्या बायकोकडून कळायचं. झोप नाही, डोकं दुखायचं, खोकला उलट वाढलेला. घरात भांडं वाजलं तरी उसळायचा, आणि मग गुपचूप जाऊन स्वतःच सगळी भांडी घासायचा. चहाच्या सुट्टीत गेटबाहेरच्या टपरीवर जाणं मात्र त्याने सोडलं नाही. मी म्हटलं, अरे, तिथे कशाला जातोस?

"समदी तिथंच असत्यात, आक्का. लपून किती दिस ऱ्हाणार? तिच्याम्होरं उभं राहूनच न्हाई म्हनायचं."

सगळे धूर काढतायत आणि हा लवंग चघळत उभा. असला हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. फारच असह्य झालं की मला फोन. "आक्का, बोलत ऱ्हा. कायबी बोल." मग मी भाजीवाल्यापासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचे. त्यात मला कुणी हरवू शकत नाही.

आणि मग ते सुरू झालं.

दुपारी डायलिसिसला पडले होते. अचानक काहीतरी हवंसं वाटायला लागलं... काय ते कळेना. भूक नव्हे. तहान तर नव्हेच, तहान मी चांगली ओळखते. घशाच्या मागून कुणीतरी काही मागतंय, जबडा आवळलाय, बोटं रिकामी रिकामी वाटतायत. तोंडात एक कडू, जळकी चव. मोकळ्या हातात पेन होतं. मी ते अंगठ्याच्या नखावर ठोकायला लागले. टक टक टक, थांबायचं, पुन्हा टक टक टक. थोड्या वेळाने सगळं ओसरलं आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आक्का, आज जादू झाली! चहाला गेलो, तलफ आली आन् येकदम गेली. कुणी काढून नेल्यागत."

मी म्हटलं, छान. दोन्हींचा संबंध काही जोडला नाही. डॉक्टरांना माझं सांगितलं तर ते म्हणाले, रक्तातली द्रव्यं वरखाली होतात, वाटू शकतं असं. पटलं. पण मग ते घरी व्हायला लागलं. गवार मोडताना झालं, पेपर वाचताना झालं. दर वेळी हात आपोआप पेन नाहीतर चमचा उचलणार आणि नखावर ठोकणार. हे वैतागून म्हणायचे, "वाजवणं बंद कर गं, डोकं उठलं!" आणि दर वेळी मागून संतोषचा फोन. आली होती, गेली.

एके दिवशी तर कहर झाला. डायलिसिस चालू होतं, आणि ती तलफ अशी काही आली की मला घाम फुटला. सिस्टरला वाटलं प्रेशर पडलं. तिने बर्फाचा कप पुढे केला, मी तो बाजूला सारला. आणि वॉर्डच्या मामांना, सगळ्यांसमोर, मी विचारलं, "मामा, एक सिगारेट मिळेल का?"

मामांच्या हातातली चादर खाली पडली. शेजारच्या बेडवरच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. जिने जन्मात कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही ती बाई डायलिसिसवर सिगारेट मागतेय!

दोन दिवसांनी संतोषचा मित्र माने मला भेटायला घरी आला. तो लातूरकडचा, संतोषच्याच लाइनवर आहे. येताना चार शहाळी घेऊन आला, जी तेव्हा मला पोटॅशियममुळे वर्ज्य होती. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

"ताई, तुमच्या भावाला मानलं बघा," तो म्हणाला. "परवा सुपरवायझर म्हणाला, ऑपरेशनला एवढी सुट्टी भेटणार नाही. हा तिथून निघाला ते थेट टपरीवर. माझ्याच पाकिटातली एक काढून घेतली. मी म्हटलं, संपलं सगळं. आधी नखावर ठोकली..."

"काय केली?"

"नखावर ओ. अंगठ्याच्या. टक टक टक, मग थांबतो, पुन्हा टक टक टक. आख्ख्या कंपनीत तसं ठोकणारा हा एकटाच. मग तोंडात धरली, काडीबी ओढली. आन् तसाच थांबला. काडी विझली. सिगारेट काढून माझ्या हातावर ठेवली आन् टपरीवाल्याच्या पिंपातलं पाणी प्यायला लागला, ग्लासावर ग्लास. पुन्हा आत जाऊन सुपरवायझरसंग शांतपणे बोलला आन् सुट्टी घेऊनच आला."

मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होते. वेळ विचारली तर मानेने दुपारच्या चहाची सुट्टी सांगितली. मी मामांकडे सिगारेट मागितली होती तीच वेळ.

संतोषला मी काही बोलले नाही. त्याला कळलं असतं तर "तुला तरास नको" म्हणून त्याने काय केलं असतं, देव जाणे. त्यानंतर मात्र तलफ आली की मी तिच्याशी झगडले नाही. पेन घ्यायचं, डोळे मिटायचे आणि बसायचं. म्हणायचे, ये, इकडेच ये, त्याला सोड. माझ्या वाट्याला आलं ते फार थोडं, बाकीचं सगळं त्याने एकट्याने झेललं. पण त्या थोड्यातच मला कळलं की हा माणूस कुणासमोर उभा राहून "न्हाई" म्हणत होता. मला त्याचा इतका अभिमान वाटतो की नीट सांगता येत नाही.

संतोष टिकला. ऑपरेशन झालं. त्याची किडनी माझ्यात पहिल्या दिवसापासून चालू आहे आणि मी हवं तेवढं पाणी पिते. लोक म्हणतात, दुसऱ्याचा अवयव बसवला की त्याच्या सवयी येतात. असेल. पण माझ्यात ती सवय आली तेव्हा त्याची किडनी त्याच्याच पोटात होती! आणि ती माझ्यात आल्यापासून तलफ एकदाही आलेली नाही.

हे एवढंच असतं तर कदाचित लिहिलं नसतं. परवा संतोष गावाकडची मेथी घेऊन आला. जेवणं झाल्यावर म्हणाला, "आक्का, येक सांगू? हसू नको. तवा तलफ जायची ना, ती नुसती जायची न्हाई. तिच्या जागी तहान यायची. आसली तहान मला भर उन्हात रानातबी लागली न्हाई. जीभ टाळ्याला चिकटायची. कितीबी पानी प्यालो तरी भागायची न्हाई. सोडलेल्या दुसऱ्यांना इचारलं, त्यांना तसलं कायबी झालं न्हाई म्हनं."

मला तो बाजूला सारलेला बर्फाचा कप आठवला. त्या सगळ्या वेळांत मला तहान लागली नव्हती. एकदाही नाही, आणि ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पेन घेऊन नखावर ठोकून दाखवलं. तो माझ्या अंगठ्याकडे बघत राहिला, आणि त्याचे कान लाल झाले. मोठ्या बहिणीसमोर पकडला गेला होता ना! मान खाली घालून त्याने टेबलावरच्या डब्यातली बडीशेप उचलली आणि मूठभर तोंडात टाकली.

याला लावायला माझ्याकडे गेज नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, नसेल तरी माझं काही म्हणणं नाही. मी उठले आणि दोघांसाठी काठोकाठ भरून पाणी आणलं.